पावडर लावलेला संत

“दरोडेखोर, रेलिना,” कॉरीन टीचरांनी जाहीर केलं. “आणि संत, ग्लॅनिशा.”

मी हात वर केला. “टीचर, पण ते दोघं एकच माणूस आहेत ना?”

“एकच आहे. म्हणून तर दोघी घेतल्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे आधी तू. तू लुटालूट करायची, मेंढ्या चोरायच्या, आरडाओरडा करायचा. ते तुला जमतंच. मग तुला पश्चात्ताप होतो, तू गुहेत जातेस आणि बाहेर येते ती ग्लॅनिशा.”

“गुहेत काय होतं मला?”

“कृपा होते,” टीचर म्हणाल्या. “देवाची कृपा झाली की माणूस उजळतो.” आणि पर्समधून जांभळ्या झाकणाचा पावडरचा डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. जणू काही कृपा त्यातच भरून आणली होती.

सगळा वर्ग हसला. मीही हसले. तेव्हा मी सातवीत होते आणि कोणी माझ्यावर हसायला लागलं की आपणच आधी हसून घ्यायचं, अशी माझी पद्धत होती. आता दहावीत आहे. आता मी आधी “का?” असं विचारते आणि मग हसते. हा बदल कसा झाला, त्याची ही गोष्ट.

आमच्या वसईच्या गावात चर्चच्या मागे पत्र्याचा एक हॉल आहे. तिथे रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो आणि नाताळला नाटक होतं. वर्गात मी सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत काळी. सावळी नाही हं. सावळी हा शब्द पाहुण्यांसमोर वापरायचा असतो. मी काळी, दिवसभर केळीच्या बागेत राबणाऱ्या माझ्या बाबांसारखी. त्यामुळे नाताळच्या नाटकात मी वर्षानुवर्षं गोठ्यातला बैल. येशूची आई मारिया व्हायचं तर सोडाच, देवदूतांच्या घोळक्यातही मला कोणी घेतलं नाही. बैलाला एकच संवाद होता, “हम्मा!” तोसुद्धा बाळ येशू झोपला की बंद.

आणि त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात फादर एडवीननी आम्हाला मोझेसची गोष्ट सांगितली.

समुद्र दुभंगवणारा मोशे तो वेगळा. हा त्याच्या खूप नंतरचा, इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संन्यासी. मूळचा इथिओपियाचा. काळाकभिन्न, धिप्पाड, आणि आधी चक्क दरोडेखोर! तोंडात सुरा धरून नदी पोहून जायचा आणि पलीकडच्या मेंढ्या पळवायचा. पुढे पश्चात्ताप होऊन वाळवंटातल्या संन्याशांकडे गेला आणि त्यांच्यातलाच झाला. म्हातारे संन्यासी झोपले की हा लांबच्या विहिरीवर जाऊन त्यांची मडकी भरून आणायचा. एकदा काही चोर त्याच्या झोपडीत शिरले. कुठे शिरलो ते त्या बिचाऱ्यांना काय माहीत! ह्याने सगळ्यांना बांधलं, पोत्यासारखं पाठीवर टाकलं, देवळात आणून उतरवलं आणि विचारलं, “मला आता कोणाला मारता येत नाही. ह्यांचं काय करू?”

“फादर, हा माणूस भारी आहे!” मी ओरडले होते.

“थांब, भारी गोष्ट पुढेच आहे,” फादर म्हणाले आणि त्यांनी मडक्याची गोष्ट सांगितली. एका संन्याशाच्या हातून काही चूक झाली. त्याचा न्याय करायला सगळे वडीलधारे जमले. मोझेसला निरोप गेला. तो येईना. पुन्हा निरोप गेला. तेव्हा तो उठला, एक गळकं मडकं घेतलं, त्यात वाळू भरली, ते पाठीवर टाकलं आणि निघाला. मागे वाळूची रेघ उमटत चालली. लोकांनी विचारलं, अब्बा, म्हणजे बाबा, हे काय? तर म्हणाला, माझी पापं माझ्यामागे गळत येतायत, मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला आलोय. त्यावर त्या संन्याशाला सोडून दिलं.

मी वर्गात पहिल्यांदाच गप्प बसले. ग्लॅनिशाने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. ताप नव्हता. काळा, उंच आणि संत! ह्या तीन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून, ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ह्याच गोष्टीवर नाटक करायचं असं ठरलं, तेव्हा मी घरी जाऊन मम्मीला सांगूनही टाकलं की ह्या वेळी मुख्य भूमिका आपलीच. पण नाटक लिहून झाल्यावर फादर दुसऱ्या गावांना उपवासकाळाची प्रवचनं द्यायला गेले आणि नाटक बसवायला दिलं कॉरीन टीचरांच्या हाती.

कॉरीन टीचर वाईट नव्हत्या हं. शिकवायच्या छान. प्रत्येकाचे संवाद त्यांना तोंडपाठ असायचे, आपण अडखळलो की ओठ न हलवता कुजबुजायच्या. पण त्या कुठेही दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा, लॅव्हेंडरच्या पावडरचा. चर्चमध्ये डोळे मिटून प्रार्थना करत असलो तरी कळायचं, टीचर तिसऱ्या बाकावर येऊन बसल्या.

“टीचर,” मी दुसऱ्या दिवशीच्या तालमीला पुन्हा सुरू केलं, “फादरांनी सांगितलं, मोझेस शेवटपर्यंत काळाच होता.”

“फादरांनी हेही सांगितलं की त्याला धर्मगुरू केलं तेव्हा पांढरा झगा घातला आणि बिशप म्हणाले, मोझेस, आता तू सगळा पांढरा झालास.”

“ते झग्याबद्दल होतं! आणि तो म्हणाला, बाहेरून झालो, आतलं काय?”

“रेलिना, तलवार उचल.”

तलवार उचलली. पुठ्ठ्याची होती, पण चंदेरी कागद लावलेली, आणि खोटं कशाला बोला, ती मला आवडायची.

खरी गंमत झाली ती चोरांच्या प्रवेशात. चोरांना पाठीवर उचलायचं तेव्हा मोझेस संत झालेला असतो, म्हणजे ग्लॅनिशा. आणि ग्लॅनिशाला तिचं स्वतःचं दप्तरही तिचा भाऊ उचलून देतो. फादरांच्या गोष्टीत चोर चार होते, आम्ही दोनच घेतले, त्यातही बारीक बघून घेतले. तरी पहिला चोर पाठीवर घेतल्याबरोबर संत खाली आणि चोर वर.

टीचरांनी विचार केला. मग माझ्याकडे बघितलं.

“रेलिना, तू असं कर. ह्या एवढ्याच प्रवेशात ग्लॅनिशासारखाच झगा घाल, डोक्यावरून टोपी ओढ आणि पाठमोरी येऊन चोर उचल. तोंड दाखवू नकोस. उचलून झालं की लगेच गुहेत.”

“म्हणजे ताकद माझी आणि तोंड हिचं?”

“सगळे मिळून नाटक होतं, बाळा.”

ग्लॅनिशा तोपर्यंत शिंकत होती. पावडरचं तिला वावडं होतं. टीचर तिच्या गालांवर पफ फिरवायच्या आणि संत मोझेस शिंकायला लागायचे ते विहिरीवर जाऊन पाणी भरून परत येईपर्यंत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी हॉलच्या मागे पायरीवर बसलो. ग्लॅनिशाच्या डब्यात तिच्या आजोळची सुकेळी होती. ही आमच्याकडची खासियत, केळी उन्हात वाळवून करतात, मधासारखी गोड.

“मला नको तो मडक्याचा प्रवेश,” ग्लॅनिशा म्हणाली. “ते वाक्य केवढं लांब! मध्येच शिंक आली तर पापांचं काय होईल?”

“मला हवाय,” मी म्हटलं. माझा आवाज जरा विचित्रच आला, कारण तिने खायचं थांबवून माझ्याकडे बघितलं.

“किती हवाय?”

“बैल व्हायला लागलं तरी चालेल, पुढची दहा वर्षं. पण तो एक हवाय.”

ग्लॅनिशा दिसायला मारियासारखी असली तरी डोकं तिचं थेट दरोडेखोराचं. ती म्हणाली, “तू चोर उचलून गुहेत येतेस ना? मी आत असतेच. तुझ्या अंगावर झगा असतोच. मग बाहेर तूच जा.”

“आणि टीचर?”

“टीचर समोरच्या विंगेत. मधे पूर्ण स्टेज. धावत येऊन पकडणार आहेत का तुला, फादरांच्या देखत?”

आम्ही बराच वेळ त्या कल्पनेकडे बघत बसलो. मग मला दुसरी सुचली. ही संपूर्ण माझी, ग्लॅनिशाचा त्यात काही हात नाही.

“मडक्यात वाळू नको,” मी म्हटलं. “पावडर घालू. टीचरांची. सगळा डबा.”

ग्लॅनिशाने हातातलं सुकेळं तसंच धरून ठेवलं.

“मोझेस चालत येतो,” मी उभी राहून दाखवलं, “मागे रेघ. सगळ्या हॉलभर वास. ‘अब्बा, हे काय?’ ‘माझी पापं माझ्यामागे गळतायत, मला दिसत नाहीत.’ आणि मग पुढे मी माझं एक वाक्य घालणार. ‘आणि ज्यांना दिसत नसतील, त्यांनी नुसता वास घ्यावा!’”

ग्लॅनिशा इतकी हसली की तिला उचकी लागली. “नाही म्हणणार तू. तुझी हिंमत नाही.”

“पैज!”

“पैज. म्हटलंस तर आजोळहून येणारी सगळी सुकेळी तुझी. नाही म्हटलंस तर तुझ्या बाबांच्या बागेतला एक अख्खा घड माझा.”

आता मडकं. बाबांकडे गळक्या मडक्यांना तोटा नाही. उन्हाळ्यात केळीच्या नव्या रोपांशेजारी बुडाला भोक पाडलेलं मडकं ठेवतात, पाणी भरलं की दिवसभर थेंब थेंब झिरपत राहतं. मी बाबांना म्हटलं, “चर्चच्या नाटकासाठी एक द्या ना.” बाबा खूश. “घे की. संताच्या हातात जाणार म्हणजे आपल्या बागेचंच पुण्य.”

“बाबा, मी संत नाही, दरोडेखोर आहे,” मी त्यांना सांगितलं.

बाबा माती झटकत होते. ते थांबले. “पण तू तर म्हणाली होतीस...”

“अर्धा दरोडेखोर मी. संत झाल्यावर ग्लॅनिशा. उजळतो ना तो.”

बाबा नुसते मडकं उलटं करून, सुलटं करून बघत राहिले. मम्मी मात्र आतून म्हणाली, “मी सांगते तशी रोज साय लावली असतीस तर!” मम्मीची साय मी मांजराला घालते, हे तिला अजून माहीत नाही. मांजर पांढरंशुभ्र आहे, पण ते आधीपासूनच.

नाटकाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मेकअपच्या खोलीत पोहोचलो. टीचरांची ग्लॅनिशाला पावडर थापून झाली होती आणि त्या बाहेर खुर्च्या मांडून घेत होत्या. मी पिशवीतून मडकं काढलं आणि बूड वर केलं.

भोक नव्हतं.

बाबांनी डांबर लावून ते बुजवलं होतं. इतकं सफाईने, की वरून गेरूसुद्धा फिरवला होता. देवाच्या घरी आपलं गळकं मडकं जाणार, लोक काय म्हणतील! त्यांना वाटलं असणार, मुलगी लहान आहे, घाईत चुकीचं उचललं.

“आता?” ग्लॅनिशा कुजबुजली. “न गळणारी पापं?”

आम्ही केसांचा आकडा घेतला, मोडला. मग माझ्या तलवारीची मूठ ज्या खिळ्यावर होती तो खिळा उपटला आणि डांबर कोरलं. भोक पुन्हा पडलं, आधीपेक्षा जरा मोठंच. पावडर ओतली तर गळेना! बुडाशी घट्ट बसली. मडकं हलवलं की फुस्स करून एक ढग, आणि ग्लॅनिशाची शिंक. शेवटी स्टेजसाठी आणलेली मूठभर कोरडी रेती तिच्यात मिसळली, तेव्हा कुठे ती शहाण्यासारखी वाहू लागली. चिंधीचा बोळा घालून भोक तात्पुरतं बंद केलं. डब्यात आता तळाशी चिमूटभर पावडर आणि आमच्या बोटांचे ठसे.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. पंखे फिरत होते, पण मार्च महिना आणि वर पत्रा, त्यामुळे ते फक्त गरम हवा इकडून तिकडे नेत होते. पहिल्या रांगेत फादर एडवीन, त्यांच्या बाजूला नातालबाय आजी. नातालबाय आजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या मनातलं सगळं मोठ्याने बोलतात. मागे कुठेतरी मम्मी आणि बाबा.

माझा दरोडेखोर झकास झाला. बाबांची चौकटीची लुंगी, काजळाच्या मिशा, तोंडात तलवार. मूठ सैल झाल्यामुळे ती नदीच्या मधोमध पडली, तर मी बुडी मारून शोधून आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “कोणाचा गं हा?” नातालबाय ओरडल्या. “ह्या पोराला पोहता छान येतं!”

मग पश्चात्ताप, मग गुहा. गुहा म्हणजे बांबूवर केळीची सुकी पानं. ग्लॅनिशा बाहेर गेली, पाणी भरलं, शिंकली, परत आली. मी मिशा पुसल्या, झगा घातला, पाठमोरी जाऊन दोन्ही चोर दोन खांद्यांवर टाकले. ह्या वेळी टाळ्या इतक्या पडल्या की मला वळून बघावंसं वाटलं. नाही वळले. गुहेत शिरले.

आत ग्लॅनिशाने मडकं माझ्या पाठीवर बांधलं. “घड तयार ठेव,” ती कानात म्हणाली आणि चिंधी उपटली.

मी टोपी मागे टाकली आणि बाहेर पडले.

समोर दिव्यांचा उजेड. त्यापलीकडे विंगेत कॉरीन टीचर, हातात कागद. त्यांनी मला बघितलं. ग्लॅनिशाच्या जागी मला, माझ्याच तोंडासकट. त्यांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मी एक एक पाऊल टाकत त्यांच्या दिशेने चालू लागले, कारण न्याय करणारे संन्यासी त्यांच्याच बाजूला बसले होते. मागे सर्रर्र असा बारीक आवाज येत होता.

आणि वास सुटला.

आधी पहिल्या रांगेत माना वळल्या. मग दुसऱ्या. पंख्यांनी आपलं काम केलं. सगळ्या हॉलमध्ये लॅव्हेंडर.

“कॉरीन आली वाटतं!” नातालबाय आजी म्हणाल्या.

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवरून वाकून हसत होते. मी सांगते, तसं हसू मी आजवर ऐकलं नाही, आणि ते सगळं मी कमावलेलं होतं. मी संन्याशांसमोर येऊन थांबले. मुख्य संन्यासी झालेला लॉइड हसू दाबत म्हणाला, “अब्बा... हे... हे काय?”

आता माझं वाक्य. आधी फादरांचं, मग माझं. मी ऐटीत मागे वळून बोट दाखवलं, जसं ठरलं होतं तसं. गुहेपासून इथपर्यंत एक पांढरी वाकडीतिकडी रेघ आली होती, आणि तिच्या टोकाशी माझे पाय. टाचा आणि पोटऱ्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या. मी वळून परत समोर बघितलं तर दोन हातांवर टीचर.

त्यांना घाम फुटला होता. त्या रुमालाने तोंड पुसत होत्या, जोरजोरात, कपाळ, गाल, हनुवटी. पुन्हा लावायला डबा रिकामा होता, तो मीच केला होता. आणि रुमाल खाली आला तेव्हा मला आतल्या कॉरीन टीचर दिसल्या. इतकी वर्षं तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या, पण मी कधीच न बघितलेल्या.

त्या माझ्याइतक्याच काळ्या होत्या. बाबांइतक्या. लोक अजून हसत होते, आणि त्या हसण्यात त्या अशा उभ्या होत्या की ते उभं राहणं मला ओळखीचं वाटलं. नाताळला, शिंगं लावून, मी तशीच उभी राहायचे. फक्त मी आधी स्वतः हसून घ्यायचे, आणि त्यांना ते सुचलं नव्हतं.

माझं वाक्य गेलं. दोन्ही गेली, फादरांचंही आणि माझंही. तोंड उघडं, आवाज नाही. लॉइडने पुन्हा विचारलं, “अब्बा, हे काय?” हसू हळूहळू ओसरलं. लोक वाट बघायला लागले. मागे मडकं सरसरत होतं.

आणि मग विंगेतून, ओठ न हलवता, ती कुजबुज आली.

“माझी पापं...”

मी बघितलं. टीचर. रागाने नव्हे. तालमीत द्यायच्या तशीच, वाक्याचं शेपूट हातात देऊन.

“माझी पापं,” मी म्हटलं.

“माझ्यामागे गळत येतायत...”

“माझ्यामागे गळत येतायत,” मी म्हटलं.

“मला...” टीचर थांबल्या. खालच्या पांढऱ्या रेघेकडे बघत त्या पुढचं बोलल्या, आणि ह्या वेळी त्यांचे ओठ हलले. “मला ती दिसत नाहीत.”

“मला ती दिसत नाहीत.”

शेवटचं मला आठवलं. ते मी एकटीने म्हटलं, जरा हळूच, पण मागच्या रांगेतल्या बाबांनासुद्धा ऐकू गेलं म्हणतात.

“आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलोय.”

मडक्यातली शेवटची रेती पडली, ती सगळ्या हॉलला ऐकू आली. माझं स्वतःचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आता आठवलं होतं, अगदी लख्ख. वासाचं. मी ते गिळलं.

तेवढ्यात गुहा शिंकली.

लोक पुन्हा हसले, पण हे हसू वेगळं होतं, सुट्टी झाल्यासारखं. लॉइडने घाईघाईत चूक केलेल्या संन्याशाला सोडून दिलं, पडदा पडला, आणि पडद्याआड ग्लॅनिशा पानांमधून डोकं काढून म्हणाली, “घड! अख्खा घड!”

फादर एडवीन मागे आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, नाक वर करून वास घेतला. “मी लिहिलं तेव्हा पावडर नव्हती त्यात,” ते म्हणाले. “सुचायला हवी होती.” आणि गेले. मोठी माणसं अशा वेळी पटकन जातात.

सगळे पांगल्यावर मी स्टेज झाडायला थांबले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. अर्धी रेघ झाडून झाली तेव्हा दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्या झाडूचा आवाज आला. टीचर. आम्ही दोघी मधे भेटलो.

“सगळा डबा?” त्यांनी विचारलं.

“थोडी रेती पण होती, टीचर.”

“नवीन होता. कालच फोडला होता.”

त्या काही वेळ पावडरचा ढीग झाडूने इकडून तिकडे करत राहिल्या.

“बैलाला संवाद होता ना तुझ्या?” त्या एकदम म्हणाल्या.

“हो. हम्मा.”

“मी गाढव होते,” कॉरीन टीचर म्हणाल्या. “शाळा संपेपर्यंत. गाढवाला तेवढाही नव्हता.”

मला हसायचं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. पण आधी त्यांच्या तोंडून फुर्र झालं, मग माझ्या, आणि मग आम्ही दोघी झाडू धरून अशा हसलो की ग्लॅनिशा धावत बघायला आली आणि तिथे येऊन, अर्थातच, शिंकली.

घड तिने आठवडाभरात नेला, स्वतः उचलून नाही, भावाला पाठवून. बाबांनी तो विनातक्रार कापून दिला, फक्त पुन्हा पुन्हा विचारत राहिले, “पण ते मडकं गळलं कसं? मी स्वतः बुजवलं होतं!”

पण त्याच्या आधी, दुसऱ्याच दिवशी, झावळ्यांचा रविवार होता. सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलमधलं पहिलं वाचन कॉरीन टीचरांचं असायचं. दुकानं उघडायच्या आत मिस्सा, आणि डबा रिकामा. त्या हातात झावळी घेऊन मधल्या वाटेने पुढे गेल्या, तेव्हा कोणालाच आधी वास आला नाही. वाचनाच्या जागी उभ्या राहिल्या, पुस्तक उघडलं, मान वर केली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचायला लागल्या.

पहिल्या बाकावरून नातालबाय आजींनी शेजारणीला ढोसलं आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं विचारलं, “ही नवीन कोण गं? आवाज तर थेट आपल्या कॉरीनसारखा काढते!”

मी ग्लॅनिशाकडे बघितलं नाही. टीचरांनीही वाचन थांबवलं नाही. फक्त पान उलटताना त्यांनी तिसऱ्या बाकाकडे बघितलं, जिथे त्या दिवशी मी बसले होते, आणि कोणी हसायच्या आत, ह्या वेळी माझ्याऐवजी, त्याच आधी हसल्या.